कानावरचा कॅमेरा

शनिवार, रात्री साडेबारा

दोन्ही सिनेमे लागोपाठ बघायचे हा भाच्याचा हट्ट. आधी १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’, मग जेवणं, मग २०१६ चा ‘ब्लेअर विच’. मधला, २००० सालचा, सोडूनच दिला. तो फाउंड फुटेजचा, म्हणजे पात्रांनीच चित्रित केलेलं नंतर सापडलं असं भासवण्याचा, खेळच बहुतांशी टाकून देतो, त्याची तुलना काय करायची. रामबागेतल्या दादाच्या घरी वरच्या खोलीत बसलो होतो आम्ही. वहिनीने खालूनच सांगितलं, “बघा बाई तुम्ही आत्या-भाचे, मला झोप हवी आहे.”

पहिला संपल्यावर भाचा म्हणाला, “अगं आत्या, ह्यात तर काही झालंच नाही!” खरंच होत नाही. हीदर, जॉश आणि माइक ही तीन पोरं अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात चेटकिणीवर माहितीपट करायला जातात, नकाशा गमावतात, भांडतात, रात्री तंबूबाहेर आवाज येतात. चेटकीण एकदाही दिसत नाही. पण ती पोरं दमलेली, भुकेली वाटतात, कारण तशी ती होतीच. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी कॅमेरे नटांच्याच हाती दिले, सूचना चिठ्ठ्यांतून ठेवल्या, खाणं दिवसेंदिवस कमी करत नेलं आणि रात्री तंबूभोवती स्वतःच आवाज केले. संवाद बहुतेक जागच्या जागी सुचलेले. हीदर नाक गळत असताना, अर्धाच चेहरा चौकटीत घेऊन माफी मागते, त्याला अभिनय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाच्याची दुसरी तक्रार, हे जंगल भीतिदायक वाटतच नाही, आपल्या इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलासारखं तर आहे. अरे, म्हणूनच तर! उन्हाळ्यात सागाची पानं गळली की चोरललाही पाऊल टाकलं की असंच चरचर वाजतं. आपण वळून बघतो आणि मागे कोणी नसतं.

२०१६ मध्ये अ‍ॅडम विंगार्डने त्याच गोष्टीत पुन्हा हात घातला. हीदरचा भाऊ जेम्स तिच्या शोधात मित्रांना घेऊन निघतो. सामान बघावं: कानाला अडकवलेले इवले कॅमेरे, ड्रोन, जीपीएस. भाचा खूश. “निदान पळताना कॅमेरा कशाला धरलाय, असं तर विचारावं लागत नाही.” मला नेमकं तिथेच खटकलं. कॅमेरा न सोडणं ही हीदरची खोड होती, त्यावरून भांडणं होत होती. ह्याच्यातून पाहिलं की समोरचं तितकंसं खरं वाटत नाही, म्हणून तुला हा आवडतो, असं जॉश तिला तोंडावर सुनावतो. कॅमेरा कानावर गेला आणि ही सगळी हीदरच गोष्टीतून गेली. उरलं काय, तर मित्र एकमेकांच्या मागून येऊन दचकवतात ते. दोनदा चालतं, मग चीड येते.

कोपऱ्याचंही तेच. पहिल्यात माइक शेवटी भिंतीकडे तोंड करून उभा असतो. एक खुनी पोरांना असंच उभं करायचा, हे गावकऱ्याने सुरुवातीला सांगितलेलं, बस. आठवलं तर अंगावर काटा. दुसऱ्याने त्याचा नियम करून टाकला: चेटकिणीकडे बघू नका, म्हणजे वाचाल. शिवाय लांबलांब हातापायांचं काहीतरी दाखवूनही टाकलं.

अर्थात, १९९९ साली ही पोरं खरंच बेपत्ता आहेत असा प्रचार करून लोकांना गंडवलं होतं. ती चाल दुसऱ्यांदा चालणारच नव्हती, त्याचा दोष मी विंगार्डला देणार नाही. आणि जेम्सबरोबर गेलेली लिसा जमिनीखालच्या अरुंद भुयारातून सरपटते तेव्हा मी पाय वर घेऊन बसले होते, हे कबूल. न उजाडणारी रात्रही छान सुचली आहे. नुसत्या तेवढ्यावर सिनेमा केला असता तर मी त्याला पहिल्याच्या शेजारी बसवलं असतं.

भाच्याने निकाल दिला, “सिक्वेल असेच असतात.” नाही हं. २०११ चा ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी ३’ घ्या. फिरत्या पंख्याच्या बुडावर कॅमेरा बसवलाय. तो स्वयंपाकघराकडून दिवाणखान्याकडे वळतो, परत येतो. तो पलीकडे असताना इकडे काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. त्याची घाई करता येत नाही, मान वळवता येत नाही. हा तिसरा भाग मला त्याच मालिकेतल्या पहिल्यापेक्षा सरस वाटतो. भाच्याने पाहिलेला नाही. उद्या लावू, पण दुपारी.