क्रूझचं ड्रिंक पॅकेज घेण्याआधी केबिनचा हिशोब मांडा

क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत मेल येतो: ड्रिंक पॅकेजवर ३० टक्के सूट, ऑफर दोनच दिवस. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच कुटुंबं त्याच घाईत पैसे भरून मोकळी होतात. ज्या घरात एकजण दारू घेतो आणि बाकीचे चहावाले, त्या घराला हे पॅकेज सहसा परवडत नाही. कारण एकाने घ्यायचं म्हटलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, आणि मेलमध्ये ही गोष्ट ठळक अक्षरात नसते.

आधी साधं गणित. तिकिटात राहणं आणि मुख्य जेवण येतं. दारू, कोल्ड्रिंक, मॉकटेल, कॅपुचिनोसारखी मशीनची कॉफी, बाटलीबंद पाणी यांचे पैसे वेगळे. पॅकेज म्हणजे रोजचा एक ठरलेला दर भरायचा आणि हे सगळं वेगळं बिल न होता घ्यायचं. दर माणशी, दर रात्री लागतो. तो प्रवासाच्या सगळ्या रात्रींसाठी घ्यावा लागतो; मधले दोनच दिवस हवेत म्हटलं तर सहसा मिळत नाही. दर जहाजागणिक आणि तारखेगणिक बदलतो, म्हणून 'किती टक्के सूट' याला काही अर्थ नाही. शेवटी रोजचे किती डॉलर पडतात तेवढंच बघा.

त्या डॉलरवर टिप चढते, तीही सक्तीची. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १८ टक्के, नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर २० टक्के. समजा दर ७५ डॉलर आहे. टिप धरून तो ८८.५० होतो. चार रात्रींचे माणशी ३५४, दोघांचे ७०८ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ६३,७२० रुपये. सिंगापूरहून निघणाऱ्या छोट्या सफरीत कधीकधी तिकिटाएवढीच ही रक्कम होऊन बसते.

आता सुटं घेतलं तर काय होतं ते पाहू. बिअर ८ डॉलर, कॉफी ५, मॉकटेल ९ असे भाव धरा. नवरा दिवसाला चार बिअर घेतो, बायको एक कॉफी आणि एक मॉकटेल. झाले ४६ डॉलर, टिपसह ५४.२८. चार दिवसांचे २१७ डॉलर, म्हणजे साडेएकोणीस हजारांच्या आसपास. पॅकेजच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! उलट बाजूनं बघा: बायको काहीच घेत नसेल, तर दोघांच्या पॅकेजचे पैसे वसूल करायला नवऱ्याला दिवसाला १९ बिअर प्याव्या लागतील. कार्निव्हल आणि एमएससी या कंपन्यांच्या जहाजांवर तर दिवसाला १५ मद्यपेयांचीच मर्यादा आहे. म्हणजे पैसे वसूल करायचे म्हटले तरी तिथं ते जमणारच नाही.

गोव्याच्या भावाची सवय असलेल्या आपल्या माणसाला एक बिअर टिपसह साडेआठशेला पडलेली बघून पॅकेज स्वस्त वाटायला लागतं. तो चटका खरा आहे, पण एका बाटलीच्या भावावरून पॅकेजचा निर्णय घेऊ नका. दोघेही घेणारे असतील, रोज पाच-सहा कॉकटेल सहज होत असतील, तर मात्र पॅकेज बेलाशक घ्या. १४ डॉलरचं कॉकटेल टिपसह साडेसोळाला पडतं आणि वरच्या दरात सहाव्या ग्लासाला पैसे फिटतात.

केबिनचा नियम कशासाठी? एका पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून. बारवर जहाजाचं कार्ड टेकवलं की बारटेंडरच्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो. एका वेळी एकच ग्लास मिळतो, दोन ग्लासांमध्ये काही मिनिटांचं अंतर ठेवलेलं असतं. कार्निव्हलवर पाच मिनिटं. स्वतःचा ग्लास मित्राला देताना सापडलात तर पॅकेज रद्द होतं आणि पैसे परत मिळत नाहीत. केबिनचा हा नियम पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला लागू आहे, आणि ते वय सफर कुठून निघते त्यावर ठरतं. रॉयल कॅरिबियनवर अमेरिकेतून निघालं तर २१, आशियातून निघालं तर १८. त्यामुळे बारावी झालेला मुलगा आईवडिलांच्याच केबिनमध्ये असेल तर सिंगापूरच्या सफरीत तिसरं पॅकेज गळ्यात पडू शकतं.

यातून दोन वाटा आहेत. गरोदरपण, चालू औषधं किंवा आजारपण असं कारण असेल तर बुकिंगवाल्यांशी निघण्याआधीच बोला. बऱ्याचदा त्या व्यक्तीला बिनदारूचं स्वस्त पॅकेज देऊन दुसऱ्याला दारूचं देतात, पण हे वेबसाइटवर होत नाही, फोनच करावा लागतो. दुसरी वाट: दोन जोडपी मिळून जाणार असतील तर बुकिंग करतानाच दोघे घेणारे एका केबिनमध्ये आणि दोघी न घेणाऱ्या शेजारच्या केबिनमध्ये अशी नावं लावा. बुकिंगनंतर नावं हलवायला गेलात तर तिकिटाचा दर बदलू शकतो.

पॅकेज घेतलंच तरी सगळं फुकट नसतं. प्रत्येक पॅकेजला ग्लासामागे किमतीची कमाल मर्यादा असते. रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स पॅकेजला १४ डॉलर, कार्निव्हलला २०. त्याच्यावरचं सिंगल माल्ट मागवलं तर काही जहाजांवर फक्त वरचा फरक भरायचा, काहींवर थोडी सूट कापून बाकीची सगळी किंमत. वाइनची अख्खी बाटली, खोलीतला मिनीबार, आठवणीचा ग्लास हे बाहेर. रॉयलच्या जहाजावरचं स्टारबक्सही बाहेर, आणि हे कळतं ते काउंटरवर उभं राहिल्यावर. कंपनीच्या खासगी बेटावर चालेल का, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. आणि जहाज बंदराला लागून तुम्ही दिवसभर शहरात फिरणार, त्या दिवसाचे पैसेही भरलेलेच. तेव्हा पॅकेजचा विचार करताना कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण समुद्रातले दिवस किती आहेत ते मोजा. चार रात्रींच्या सफरीत दोन दिवस बंदरावर जात असतील तर वसुलीचा आकडा आणखी वर चढतो.

बिलाची पावती नीट वाचा, हे कळकळीनं सांगतो. सुटा ग्लास घेतलात की पावतीवर टिप आधीच लागलेली असते, आणि त्याखाली 'जादा टिप' अशी मोकळी ओळ असते. आपली माणसं संकोचानं तिथं दोन-चार डॉलर लिहितात आणि टिप दोनदा जाते. पॅकेजवाल्यांच्या शून्य रकमेच्या पावतीवरही तीच ओळ असते. मनापासून द्यायची तर जरूर द्या, नाहीतर आडवी रेघ मारून सही करा.

न घेणाऱ्यांनी बिनदारूचं पॅकेजसुद्धा विचार करूनच घ्यावं. बुफेवर साधी कॉफी, टी-बॅगचा चहा, पाणी आणि सकाळी ज्यूस बहुतेक जहाजांवर फुकट असतो. पाण्याच्या बाटल्यांवर तर खर्च करूच नका. मोठ्या जहाजांवर समुद्राचं पाणी गाळून, शुद्ध करून प्यायलायक करतात. बुफेवरच्या नळाचं पाणी तेच. आपल्या चवीच्या चहासाठी प्रीमिक्सची पाकिटं न्यावीत, बुफेवर गरम पाणी असतंच. घरची इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका. बहुतेक जहाजांवर तिला बंदी आहे, सामानाच्या तपासणीत काढून ठेवतात. मुलांना दिवसभर कोल्ड्रिंक लागत असेल तरच फक्त कोल्ड्रिंकचं पॅकेज बघा.

कॉर्डेलियासारख्या मुंबई-गोव्याच्या जहाजावरही दारू तिकिटात येत नाही, पॅकेज वेगळं असतं. सफर दोन-तीन रात्रींची, त्यातली पहिली संध्याकाळ चेक-इन आणि सुरक्षेच्या कवायतीत जाते. शिवाय पहिल्या रात्री अनेकांना जहाज लागतं. त्यासाठी मळमळीवरची एव्होमिनची गोळी घेतली असेल तर त्यावर दारू घेऊ नये. दोन्ही मिळून गुंगी फार चढते. मळमळ आली म्हणून न वापरलेल्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत.

पैसे भरायची वेळ आली की दोन गोष्टी लक्षात ठेवा. निघण्याआधी ऑनलाइन घेतलेलं पॅकेज जहाजावर चढून घेतलेल्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. रॉयलवर तर प्रवासाआधी दर उतरला तर जुनं रद्द करून नव्या दरात घेता येतं, म्हणून अधूनमधून पुन्हा बघत राहा. दुसरं, २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू करून येतात. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या, आणि कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, किती लागतो तेही बघा. साडेतीन टक्के असेल तर ७०८ डॉलरवर तेच सव्वादोन हजार होतात, वर त्या मार्कअपवर जीएसटी.

उतरायच्या आदल्या संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर किंवा अॅपवर आपलं बिल उघडा आणि ओळ न ओळ तपासा. पॅकेजमध्ये बसणारा ग्लास चुकून सुट्या भावाने लागला असेल तर त्याच रात्री गेस्ट सर्व्हिसला जा, कारण सकाळी तिथं लांब रांग असते. जहाजावरच्या दुकानात घेतलेली दारूची बाटली ते प्रवास संपेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतात. ती ताब्यात कधी आणि कुठे मिळणार तेही त्याच काउंटरवर विचारून घ्या. गोव्यात उतरून चोर्ला घाटाने घरी येणार असाल तर तिची पावती हाताशी असू द्या, कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली तर विचारणा होते.