गुलाबी, हिरव्याच्या शेजारी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भुसावळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये केबल आली, पण टीव्ही जुनाच राहिला. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यावर एका चॅनलला रात्री उशिरा दोन माणसं दिसायची. अंगात जाकीट, गळ्याला बो, थेट लग्नातल्या बँडवाल्यांसारखी. वाजवत मात्र काहीच नसत. एका भल्यामोठ्या टेबलाभोवती गुमान फिरायची, वाकायची, एखादा बॉल भोकात घालायची आणि खुर्चीत जाऊन पाणी प्यायची. आई म्हणायची, एवढ्या थंडपणे तर आपल्याकडे कोणी सुपारीसुद्धा कातरत नाही.

खेळाचं नाव स्नूकर. टेबलावर बावीस बॉल, आणि बावीसही करडे. लाल नि हिरव्यात काडीचा फरक नाही. तपकिरी त्यांचाच चुलतभाऊ. पिवळा इतका फिका की पांढऱ्याशी गफलत व्हावी. पांढरा ओळखायची एकच खूण: ज्याला काठी लागते तो.

या करड्या गोंधळातून मला बाहेर काढलं शेजारच्या मार्कर काकांनी. मार्कर हे त्यांचं आडनाव नव्हे, नोकरी. तरुणपणी ते साहेब लोकांच्या एका क्लबात बिलियर्डच्या टेबलावर मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, बॉल जागेवर ठेवणारा, खेळ संपला की कापडाला ब्रश मारणारा. त्या हिरव्या कापडाला लव असते आणि ब्रश लवेच्या दिशेनंच मारायचा, उलटा मारला तर बॉल तिरका जातो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी पुढे सदऱ्यावरची धूळसुद्धा एकाच दिशेनं झटकायला लागलो.

काका रात्री आमच्याकडे येऊन बसत आणि बॉल पडला रे पडला की विचारत, "सांग भो, कोणता गेला?"

"काळा."

"कशावरून?"

"काळा दिसला."

"सगळेच काळे दिसून राहिले. आकडा बघ ना!"

आकडा आठचा तेरा झालेला असायचा. पाच वाढले, म्हणजे निळा. पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. लाल एकेक. लाल घातला की एक रंगीत घालायचा. लाल गेला तो गेला, रंगीत मात्र उचलून परत जागेवर ठेवायचा. पंधरा लाल संपले की मग रंगीतही क्रमानं जातात आणि परत येत नाहीत. हे सगळं मी टीव्हीच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवरून, उलट्या बाजूनं शिकलो. बाकीची पोरं खेळ बघून गुण समजून घेतात, मी गुण बघून खेळ समजून घेतला. माझ्यासाठी स्नूकरचा प्रत्येक फटका हे एक कोडंच होतं आणि ती खोड अजून गेलेली नाही. क्यू, म्हणजे खेळायची ती काठी, मी आयुष्यात जेमतेम वीस-पंचवीस वेळा हातात धरला असेल, त्यातही अर्धा वेळ टोकाला खडू घासण्यात गेला. पण स्नूकरचे प्रश्न मला रात्री दोनला उठवून विचारा.

पुढे वाचलं की माझ्यासारखे गरजू खुद्द इंग्लंडातही होते. बीबीसीनं १९६९ साली 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला तोच मुळी रंगीत टीव्हीची मजा दाखवायला. पण बहुतेक घरांत संच करडेच. तेव्हा समालोचक टेड लोव यांनी एकदा प्रेक्षकांना सांगितलं, की आता खेळाडू गुलाबी घेणार आहे, आणि जे ब्लॅक अँड व्हाइटवर बघताहेत त्यांच्यासाठी सांगतो, गुलाबी हिरव्याच्या शेजारी आहे. लोक या वाक्याला अजून हसतात. मी हसत नाही. हिरवा एकदा ठाऊक असला की गुलाबी कळतो, यात चूक काय आहे? आणि हिरवा कुठे असतो हे आम्हाला पाठच होतं. पांढरा जिथून सुरू होतो त्या बाजूनं बघितलं तर डावीकडून हिरवा, तपकिरी, पिवळा. इंग्रजीत आद्याक्षरं जुळवून 'गॉड ब्लेस यू' म्हणतात. आमचं 'हितपि'. ऐकायला पोटदुखीच्या औषधासारखं आहे, पण गुण येतो.

नोकरी लागल्यावर मी भुसावळ-जळगाव अप-डाऊन करायला लागलो. अप-डाऊनवाल्यांचा डबा ही एक स्वतंत्र जात असते. कोणी भजन म्हणतं, कोणी पत्ते कुटतं, कोणी रोज तीच केळीच्या भावाची चर्चा नव्या रागानं करतं. आम्ही तिघं-चौघं स्नूकरचे प्रश्न घालायचो. बाकीचे आम्हाला येडे समजायचे.

त्यातला एक प्रश्न फार बळी घ्यायचा. स्नूकर कुठे जन्मला? नवखा हमखास लंडन म्हणतो. तो जन्मला जबलपूरला, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पावसाळ्यात कंटाळलेले अधिकारी बिलियर्डच्या टेबलावर नाना प्रकार करून बघत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं त्यात रंगीत बॉल वाढवले. लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना 'स्नूकर' म्हणत. एकाचा सोपा बॉल हुकला तेव्हा चेंबरलेननं त्याला तो शब्द हासडला आणि खेळाला नाव चिकटलं. नियम पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात लिहून लागले. इथं दुसरा खड्डा असतो: हा चेंबरलेन म्हणजे पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो नव्हे. नाव तेच, माणूस वेगळा.

आता यात आमचा भुसावळकरांचा थोडा हक्क आहे, तो मी सोडणार नाही. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, खंडवा, इटारसी करत जबलपूरला पोचली आणि १८७० साली तिकडून कलकत्त्याच्या लाइनीला जुळली. म्हणजे स्नूकर जन्मला तेव्हा त्या मेसला मुंबईकडून जे काही जात असेल, ते आमच्या जंक्शनवरून. चेंबरलेननं भुसावळला उतरून चहा घेतला असा माझ्याकडे पुरावा नाही. डब्यात मात्र मी तसं ठोकून दिलं होतं आणि तीन महिने कोणी हटकलं नाही.

दुसरा बळीचा प्रश्न: कुठल्याही खेळात भारताचा पहिला जगज्जेता कोण? हॉकी नको, एकट्यादुकट्याचा खेळ. डबा विश्वनाथन आनंदपर्यंत येऊन थांबायचा. उत्तर विल्सन जोन्स, १९५८, कलकत्ता, हौशी बिलियर्ड. माणूस पुण्याचा. पुढचा जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचा जन्मही पुण्याचा. खानदेशाचं नाव कुठेच नाही म्हणून एकजण खट्टू झाला होता. त्याला म्हटलं, अरे, उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत इथं बॉल नाही, माणूस पॉकेटात जातो.

माहितीच्या प्रश्नांत मजा आहे, पण ती एकदाच. उत्तर कळलं की प्रश्न मेला. हिशोबाचे प्रश्न मुरतात. एका दमात जास्तीत जास्त किती? पंधरा लाल, प्रत्येकामागे काळा, म्हणजे आठ गुणिले पंधरा एकशेवीस. वर शेवटचे सहा रंगीत मिळून सत्तावीस. १४७. हे सगळ्यांना येतं. रॉनी ओसलिव्हननं १९९७ साली जागतिक स्पर्धेत हे काम पाच मिनिटं आठ सेकंदांत उरकलं होतं. मला तेवढ्यात एक वांगं भाजून होत नाही. पण मग पुढचा प्रश्न: १४७ करूनही फ्रेम, म्हणजे तो एक डाव, हरता येते का? डबा गप्प. येते. लाल एकही पडलेला नसताना आधी तुम्ही फाउलवर फाउल केले, तर ते गुण समोरच्याच्या खात्यात. फाउलला कमीत कमी चार, जास्तीत जास्त सात. सातचे बावीस फाउल केले की त्याचे झाले १५४. मग करा काय करायचे ते १४७. एवढा वाईट खेळणारा माणूस लगेच एवढा चांगला कसा खेळेल, असं पत्तेवाल्यांतल्या एकानं विचारलं. रास्त शंका होती. आम्ही त्याला गटात घेतलं नाही.

आणि १९८५ ची फायनल. डेनिस टेलर विरुद्ध स्टीव्ह डेव्हिस, पस्तिसातल्या अठरा फ्रेम जिंकायच्या, दोघंही सतरा. शेवटच्या फ्रेमला डेव्हिस ६२, टेलर ४४, टेबलावर चार बॉल: तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. किती घातले तर टेलर जिंकेल? चार, पाच, सहा मिळून पंधरा. ५९ झाले. तरीही तीननं मागे. म्हणजे चारही पाहिजेत. त्यानं चारही घातले. त्या एका फ्रेमला ६८ मिनिटं लागली, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे होते. पूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो शेवटच्या काळ्यावर. हे मी डब्यात सांगायला लागलो की भजनवालेसुद्धा टाळ थांबवायचे.

एकदा आईवर प्रयोग केला. आजीकडून तिच्याकडे उखाण्यांचा साठा आलेला, 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' वगैरे. हिवाळा होता, अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणं चाललं होतं. म्हटलं, "आई, माझं एक कोडं. पंधरा गेले ते परत येत नाहीत, सहा जातात नि परत येतात. पंधरा संपले की सहाही येईनासे होतात. ओळख."

तिनं वांगं काडीनं उलटवलं. साल तडकून वाफ बाहेर आली.

"पाव्हणे," ती म्हणाली.

"कसे काय?"

"लग्नातले पंधरा जेवून जातात ते जातात. घरचे सहा चहाला परत येतात. मांडव उठला की तेही येत नाहीत."

मी बरोबर उत्तर सांगितलंच नाही. तिचंच जास्त बरोबर वाटलं.

पण सगळ्यात जास्त छळलं ते मार्कर काकांच्या प्रश्नानं. मी तेव्हा आठवीत असेन. काका म्हणाले, "एकशे सत्तेचाळीस कोणीही सांगतं. कमीत कमी सांग. टेबल एका दमात साफ करायचं, पण गुण सगळ्यात कमी. किती?"

मी पाटीवर हिशोब केला. प्रत्येक लालमागे काळ्याऐवजी पिवळा. तीन पंधरे पंचेचाळीस, अधिक सत्तावीस. "बहात्तर."

"चूक."

"कसं चूक?"

"विचार कर." आणि चपला घालून गेले. नंतर किती वेळा विचारलं, एकच: "विचार कर ना भो." पुढे ते रिटायर होऊन रावेरकडे गावी गेले, टीव्ही रंगीत झाला, माझी नोकरी निम्मी सरली. बहात्तर काही खाली उतरेना.

मग एके दिवशी नियमावली वाचताना डोळा थांबला. एकाच फटक्यात दोन लाल पडले तरी चालतात, दोन्हीचे गुण मिळतात, आणि पुढे रंगीत एकच घ्यायचा. दोन चालतात तर तीनही, आणि तीन चालतात तर पंधराही. एका फटक्यात पंधरा लाल, एक पिवळा, मग सत्तावीस. पंधरा अधिक दोन अधिक सत्तावीस. ४४! मी जागेवरून उठलो. बायकोनं विचारलं, काय झालं. सांगितलं तर म्हणाली, मला वाटलं गॅस राहिला.

गेल्या जानेवारीत रावेरकडे लग्न होतं. परतताना काकांकडे थांबलो. ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, नजर शाबूत. ओट्यावर खाट टाकून उन्हात बसले होते. मी जळगावहून मेहरूणची बोरं नेली होती, ती समोर ठेवली आणि कानाशी जाऊन ओरडलो, "काका, चव्वेचाळीस!"

"काय चव्वेचाळीस?"

सगळं सांगितलं. पाटी, बहात्तर, एका फटक्यात पंधरा लाल. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पोट हलवून हसायला लागले.

"पंधरा एकदम? अरे भो, त्याला खेळ नाही, भूकंप म्हणतात!"

"मग तुमचं उत्तर काय होतं?"

"सत्तर."

"सत्तर?"

त्यांनी पिशवीतून बोरं काढली. लाल पिकलेली निवडून खाटेच्या कडेशी पंधरा मांडली, पाच, चार, तीन, दोन, एक. हात थरथरत होता, पण त्रिकोण फळीत धरल्यासारखा नेमका. उशीखालून सुपारी काढली, अंगठ्यानं बोट ताणलं आणि टिचकी मारली. बोरं पांगली. दोन घरंगळून खाटेवरून खाली पडली.

"एका साहेबानं केलं होतं. मी लिहिलेत ते गुण. दोन लाल, एक पिवळा. मग तेरा लाल, तेरा पिवळे. मग सत्तावीस. सत्तर. झालेलं सांगतो मी, न झालेलं नाही."

मी वाकून ती दोन बोरं उचलली आणि परत त्रिकोणात ठेवायला गेलो. काकांनी माझं मनगट धरलं.

"लाल परत येत नसतो," म्हणाले, आणि एक मला दिलं, एक धोतराला पुसून स्वतःच्या तोंडात टाकलं.