एका मुठीवरचा ध्रुव

विषुववृत्ताच्या जवळपास संध्याकाळ फार थोडा वेळ टिकते हे मी शाळेत वाचले होते, पण त्या वाक्याचा अर्थ मला बेटावरच्या पहिल्याच दिवशी कळला. मार्च महिन्याच्या उत्तरार्धात, आयुष्यात प्रथमच कोणालाही बरोबर न घेता, मी नऊ दिवसांसाठी एका उष्णकटिबंधीय बेटावर गेले होते. सूर्य बुडेपर्यंत मी किनाऱ्यावर बसून राहिले आणि मग सावकाश उठले. त्या भागात सूर्य जवळजवळ सरळ रेषेत क्षितिजाखाली उतरतो, त्यामुळे तो मावळल्यानंतर वीस-बावीस मिनिटांतच उजेड इतका कमी होतो की पायाखालची वाट ओळखू येत नाही. माझी वाट केवड्याच्या दाट बनातून जाणारी होती, विजेरी जवळ नव्हती आणि मोबाईल खोलीवर राहिला होता. हाताने झुडपे चाचपत, दूरच्या एका दिव्याच्या रोखाने मी कशीबशी परत पोहोचले.

त्या रात्री मी परतीचे तिकीट अलीकडच्या तारखेचे करता येईल का, ते शोधत बसले. अंधाराची भीती खोलीत आल्यावर ओसरली होती. छातीवर बसला होता तो वेगळाच विचार. मी केवड्याच्या बनात चुकले होते, तेव्हा मी कुठे आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हते. घरात असे कधीच होत नाही. तिकीट मी बदलले नाही, त्याऐवजी एक छोटी वही उघडली. सूर्यास्ताची वेळ, ओहोटीची वेळ, मी कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, एवढे रोज सकाळी त्या वहीत लिहायचे आणि शेवटच्या दोन गोष्टींची चिठ्ठी उतरले होते तिथे देऊन निघायचे, असे मी ठरवले. एकट्याने प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला मी आजही हेच सांगते, कारण त्या चिठ्ठीमुळेच मला पुढचे आठ दिवस मोकळेपणाने फिरता आले.

समुद्राने मात्र दुसरा धडा तिसऱ्या दिवशी दिला. नुकतीच अमावास्या झाली होती. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आल्याने उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोलवर जाते. त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा वाळूचा एक लांब पट्टा त्या सकाळी उघडा पडला होता, आणि मी चालत त्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे शंखात राहणारा एक खेकडा मला दिसला. माझी सावली पडताच तो आत ओढला गेला आणि जांभळट नांगीने त्याने शंखाचे तोंड बंद करून घेतले. मी वाळूवर न हलता बसून राहिले. कितीतरी वेळाने नांगीच्या कडेतून एक मिशी बाहेर आली, मग देठावरचे दोन डोळे, मग एकेक पाय. आणि आपल्या घरासकट तो जीव माझ्या पावलाला वळसा घालून पुढे गेला. त्याच्या पाठोपाठ वाळूत उमटत गेलेली बारीक टिंबांची रेघ मी पाहत होते तेवढ्यात मागे वळून बघितले, तर पट्टा आणि किनारा यांच्यामधला खोलगट भाग पाण्याने भरलेला होता.

समोरचे पाणी जागच्या जागी दिसत होते, म्हणून मी निर्धास्त होते. भरती पाठीमागून येऊन बसली होती. चपला तिथेच टाकून मी धावले. मध्यावर पाणी मांड्यांपर्यंत आले आणि त्याची ओढ पायांना जाणवू लागली, पण मी पार झाले. हे सगळे लांबून पाहणाऱ्या एका वयस्क होडीवाल्याने मला रागावण्याऐवजी बसवून घेतले आणि वाळूत बोटाने सहा रेघा ओढल्या: पहिली आखूड, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी आणि चौथी तिप्पट, पाचवी पुन्हा दुप्पट आणि सहावी आखूड. भरतीच्या साधारण सहा तासांत पाणी असे चढते. पहिल्या तासात एकूण चढावाचा जेमतेम बारावा भाग चढतो, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि मधल्या दोन तासांत अर्धे पाणी येऊन जाते. त्या रेघा मी वहीत तशाच उतरवून घेतल्या. ओहोटी पुरती उतरली की परतीची वाट धरायची, हा नियम त्यानंतर मी एकदाही मोडला नाही.

त्याच होडीवाल्याबरोबर पाचव्या दिवशी मी प्रवाळ पाहायला गेले. एकटीने पाण्यात उतरायचे नाही, एवढे शहाणपण तोवर आले होते. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत घेतला आणि मास्क चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा असतो, हे मी तिथे शिकले. अवघड होते ते तोंड पाण्यात घालून श्वास घेणे. नळी पाण्याच्या वर आहे हे बुद्धीला पटत होते, पण शरीर ऐकत नव्हते, आणि चार वेळा मी धडपडत डोके वर काढले. पाचव्या वेळी मी श्वास मोजायला लागले. दहाव्या श्वासाच्या सुमारास मोजणे आपोआप थांबले, कारण खालून करकर असा स्पष्ट आवाज येत होता. हिरवा-निळा पॅरटफिश आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडत होता, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीची एक धार पाण्यात सुटली. ज्या शुभ्र वाळूवर मी पाच दिवस चालत होते, तिचा मोठा वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो.

प्रवाळभिंतीची कड संपली तिथे तळ एकदम निळ्या काळोखात नाहीसा झाला. काही मिलिमीटरचे जीव पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे घर बांधत जातात आणि त्यातून ही भिंत उभी राहते. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत असताना प्रवाळ मात्र वर वाढत राहतात, हे चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये मांडले. ते पडताळायला एक शतकाहून अधिक काळ लागला: 1952 मध्ये पॅसिफिक महासागरातील एनेवेटाक येथे खोदकाम झाले, तेव्हा सुमारे 1,400 मीटर प्रवाळांचा चुनखडक पार केल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला. त्या कडेवर तरंगताना माझ्या मनात दुसरा कोणताच विचार नव्हता.

सहाव्या रात्री, चंद्र मावळल्यानंतर एकच्या सुमारास, मी विजेरी घेऊन किनाऱ्यावर गेले आणि तिथे पोहोचल्यावर ती विझवली. सप्तर्षींमधील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ पुढे वाढवून मी ध्रुव शोधला. तो क्षितिजाच्या इतका जवळ होता की प्रथम मला तो पटेना. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. क्षितिजावर मी एक मूठ टेकवली, आणि ध्रुव बरोबर तिच्यावर बसला. ध्रुव जितके अंश वर दिसतो तितकाच आपला अक्षांश असतो, म्हणजे मी दहा अंश उत्तरेला उभी होते. मागे वळले तर दक्षिणेला दोन मुठींच्या उंचीवर त्रिशंकू हा तारकासमूह उभा होता. अढळपदाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो तारा खाली आला होता, कारण मी चालून आले होते. आणि मी पृथ्वीवर कुठे आहे, हे या वेळी मला कोणाला विचारावे लागले नव्हते. केवड्याच्या बनातली ती भीती मला तेव्हा आठवली, आणि मी तिथेच पाण्याच्या कडेला रडले. पाऊल पाण्यात पडले तशी घोट्याभोवती निळसर ठिणग्यांची कडी उमटली. पाणी ढवळले की चमकणारे ते एकपेशीय जीव होते. मी पाय स्थिर ठेवला की काळोख होई, हलवला की उजेड. किती वेळ गेला ते मी वहीत लिहिलेले नाही.

निघण्याच्या दिवशी भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, भरती होती. अष्टमीच्या आसपास समुद्राचा चढ-उतार सर्वांत कमी असतो, त्यामुळे वाळूचा तो पट्टा ओहोटीलाही पाण्याबाहेर आला नाही. होडी त्याच्यावरून गेली तेव्हा खाली फिकट हिरवी वाळू दिसली आणि मधल्या खोलगट भागाची गडद निळी रेघ. होडीवाल्याने माझ्याकडे पाहून हवेत बोटाने सहा रेघा ओढल्या. मी वही काढली, त्या दिवशीच्या ओहोटीच्या वेळेत पन्नास मिनिटे मिळवली आणि दुसऱ्या दिवशीची वेळ लिहून ठेवली.