लाकडाचं पुणं: कसबा गणपती ते मंडई, बाबांबरोबर

बाबांचं सगळं आयुष्य सुतारकामात गेलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकत घ्यायचं आणि त्याचे दरवाजे, पाट, देव्हारे करायचे, हा त्यांचा धंदा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाल्यावर ते म्हणाले, "आता नीट दिसतंय, तर एकदा पुणं दाखव." म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण आम्हाला चार तास लागले.

मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरायचं आणि शेवटी मंडई स्टेशनवरून परत चढायचं. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. गाडी मुळीच आणू नका, पेठांमध्ये ती लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही अडचण होत नाही. स्वच्छतागृहात तिथेच जाऊन या. पुढे वाटेत शोधाशोध करावी लागते.

साडेसातला कसबा गणपतीसमोर होतो. हे पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला पहिला मानाचा गणपती. त्या वेळी गर्दी नव्हती, दर्शन शांतपणे झालं. तिथून लाल महाल जवळच आहे. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो याच ठिकाणी, पण आज उभी असलेली वास्तू महापालिकेने 1980 च्या दशकात बांधलेली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती भिंतीवर तलवारीचे वार शोधत बसतात. आम्ही तिथे दहा मिनिटं थांबलो.

शनिवारवाड्यात मात्र बाबा रमले. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे सगळेच पाहतात. बाबांची मान वर होती, दरवाजावरच्या नगारखान्याकडे. "हे वाचलं कसं?" त्यांनी विचारलं. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 ला वाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांत 16,110 रुपये खर्चून तो उभा केला. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागली आणि आतलं लाकूडकाम कित्येक दिवस जळत होतं. दगडी तट, बुरूज आणि दरवाजे राहिले. आत आज फक्त जोती आहेत आणि त्यांच्यामधून हिरवळ.

पहिल्यांदा येणारे बहुतेक लोक इथे हिरमुसतात, "आत काहीच नाही" म्हणतात. मीही कॉलेजात असताना तेच म्हणून परतले होते. या वेळी बाबांनी मला एका जोत्यावर बसवलं आणि तळखडा दाखवला. लाकडी खांब थेट जमिनीवर ठेवला तर ओल धरतो आणि वाळवी लागते, म्हणून खाली हा दगड. "दोन तळखड्यांमधलं अंतर मोज," ते म्हणाले. मी पावलांनी मोजलं. तेवढ्यावरून त्यांनी वर आडवी तुळई केवढी लागेल, खण (दोन खांबांमधला गाळा) किती रुंद असेल, हे हवेत हात फिरवून सांगितलं. रिकाम्या जोत्यावर दालन उभं राहिलं. हजारी कारंजं पाहायला विसरू नका. सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून भुयारी नळातून शहरात पाणी आणलं होतं, तेही जाता जाता आठवावं.

मी गेले तेव्हा तिकीट 25 रुपये होतं. तटावर जायच्या दगडी पायऱ्या उंच आहेत. बाबा चढले, पण उतरताना मी पुढे राहिले. ज्येष्ठांना एकटं उतरू देऊ नका. उन्हाळ्यात नऊनंतर आत सावली फार कमी मिळते, टोपी आणि पाणी जवळ हवंच.

बाहेर येऊन एका अमृततुल्यमध्ये चहा घेतला आणि शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे निघालो. हा टप्पा कंटाळवाणा आहे. वाहनं जोरात येतात आणि पदपथावर अडथळे आहेत, तेव्हा एका ओळीत चाला. दगडूशेठ गणपतीचं दर्शन आम्ही रस्त्यावरूनच घेतलं. मला थांबायचं होतं ते समोर. भिडे वाडा इथे होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आली. मी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि लाकूड कुठे गेलं?" जन्मभर वाड्यांचं लाकूड घेतलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही. स्मारक होईल तेव्हा त्यात त्या वाड्याची एखादी तुळई, एखादी चौकट असावी, असं मला मनापासून वाटतं. ज्या उंबऱ्यावरून पहिल्या मुली आत गेल्या, तो हाताला लागला पाहिजे.

लक्ष्मी रस्ता ओलांडून बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाड्यासमोर आलो. तुमच्याकडे एकच तास असेल तर तो इथे द्या. शनिवारवाड्यात जे जळालं ते कसं दिसत असेल, याची कल्पना इथे येते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधला. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 मध्ये यालाही आग लागली आणि दर्शनी भागाचं बरंच नुकसान झालं, पण तो पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखाच उभा केला गेला.

आधी समोरच्या बाजूला जा आणि तिथून पाहा, अगदी जवळून सज्जा दिसत नाही. मग रस्ता ओलांडून खांबापाशी या. हे सुरुदार खांब: खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले, सुरूच्या झाडासारखे. वर महिरपी, आणि महिरपीच्या मध्यातून खाली लोंबणारं केळफूल. बाबांनी चष्मा काढला, खांबाला तळवा लावला आणि अंगठ्याने एका पाकळीची कड चाचपली. "पटाशी एका दमात फिरवलीय," ते म्हणाले, "मध्ये थांबला असता तर इथे ठेच दिसली असती." त्या जुन्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही. बाबा त्याच्याबद्दल शेजारच्या दुकानातल्या मिस्त्रीबद्दल बोलावं तसं बोलत होते. आतला भाग प्रत्येक वेळी पाहता येईलच असं नाही, पण दर्शनी भागासाठीसुद्धा येणं सार्थकी लागतं. सकाळचं ऊन तिरपं असताना कोरीव काम छान उठून दिसतं.

तुळशीबाग इथून दोन मिनिटांवर. दुकानांच्या गर्दीत राममंदिर हमखास चुकतं, म्हणून शिखर बघत चाला. मंदिराचं काम नारो अप्पाजी खिरे यांनी 1761 मध्ये सुरू केलं. आवारात शिरलं की बाजाराचा गलका एकदम मागे पडतो. दुकानं नीट उघडायला अकरा वाजतात, त्यामुळे मंदिर आधी आणि खरेदी नंतर. गणेशोत्सवात आणि दिवाळीआधी ज्येष्ठांना घेऊन इकडे येऊ नका, उभं राहायलाही जागा नसते.

बाबांनी नातीसाठी लाकडी भातुकली घेतली. छोट्या जात्याचा खुंटा ओढून पाहिला, पोळपाटाचे पाय हलवून पाहिले, तीन सेट परत ठेवले आणि चौथा घेतला. विक्रेत्याने शांतपणे सगळं दाखवलं.

शेवटी मंडई. 1886 मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. भिडे वाड्याच्या जागेवरून चालत इथे आलात तर ही गोष्ट जास्त लागते.

पावणेबाराला आम्ही मंडई स्टेशनात शिरलो. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "त्या खांबाचं माप घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी टेप आणतो."