कमी पैशांत बँकॉक: मुक्काम कुठे, फिरायचं कशाने, खायचं काय

बँकॉकमध्ये पैसा खाण्यावर फारसा जात नाही, झोपायच्या जागेवरही जात नाही. तो जातो शहरात इकडून तिकडे करण्यात. वसतिगृहातला पलंग ३०० ते ४५० बाटांत मिळतो, रस्त्यावरची भरलेली थाळी ५० ते ७० बाटांत. पण संध्याकाळी पाच वाजता जुन्या शहरातल्या खाओ सानहून नव्या भागातल्या सुखुमवितला गाडी बोलावली तर २०० बाट आणि तासभर वेळ सहज जातो. एक बाट साधारण पावणेतीन रुपये धरा म्हणजे हिशोब लक्षात येईल. म्हणून इथे आधी नदी, कालवा आणि रेल्वे कुठून जाते ते नकाशावर पाहायचं आणि मग मुक्काम ठरवायचा. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात.

निघण्याआधीची कामं थोडीच आहेत. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र, म्हणजे टीडीएसी, १ मे २०२५ पासून सर्व परदेशी प्रवाशांना सक्तीचं आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते पूर्ण फुकट आहे. शोधयंत्रात वर येणाऱ्या काही साइट्स त्यासाठी पैसे मागतात. पैसे मागितले की ती सरकारी साइट नव्हे, एवढं लक्षात ठेवा. व्हिसाचा नियम थाई सरकार अधूनमधून बदलतं. जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला, तरी तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर चालू नियम पाहाच. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग छापून जवळ ठेवा. इमिग्रेशन अधिकारी खर्चाचे पैसे दाखवायलाही सांगू शकतो. माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्याच किमतीचं परकीय चलन असा नियम आहे. सगळ्यांना विचारत नाहीत, पण पाठीवर पिशवी घेतलेल्या तरुण मुलांना विचारतात.

ई-सिगारेट नेऊ नका, तिथे ती बेकायदा आहे. चार्जरची दोन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसते, आपली जाड तीन पिनांची बसत नाही.

पैशांचं असं करा: शंभराच्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या डॉलरच्या नोटा न्या. छोट्या नोटांना दर कमी मिळतो, आणि रुपयांना तर त्याहून वाईट. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातल्या काउंटरवर नोटा बदलू नका. सरळ खाली तळघरात, रेल्वेच्या फाटकांशेजारी जा. तिथे सुपररिच आणि त्याच्यासारखी दुकानं एका रांगेत आहेत, आणि वरच्या आणि खालच्या दरातला फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. पासपोर्ट दाखवावा लागतो. एटीएम प्रत्येक वेळी साधारण २२० बाट आकारतं, म्हणून काढायचेच तर एकदम जास्त काढा. मशीनने ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि बाटांतच व्यवहार होऊ द्या. हो म्हटलंत तर मशीन स्वतःचा, तोट्याचा दर लावतं.

मुंबईहून विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं आणि घड्याळ दीड तास पुढे करायचं. तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते पाहा, कारण स्वस्त कंपन्या डॉन मुआंगला उतरवतात. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंक ४५ बाटांत अर्ध्या तासात फाया थायला सोडते. तिथे बीटीएस, म्हणजे उंचावरून धावणारी गाडी, मिळते. एमआरटी, म्हणजे बहुतांशी जमिनीखालची मेट्रो, हवी असेल तर आधीच मक्कासानला उतरा. खाओ सानकडे एस-१ बस ६० बाटांत जाते, पण ती दिवसाच असते. डॉन मुआंगहून ए-४ बस ५० बाटांत खाओ सानच्या बाजूला नेते, ए-१ बस ३० बाटांत मो चितच्या बीटीएसला. रात्री बाराच्या पुढे उतरलात तर टॅक्सीच. अधिकृत रांगेतून चिठ्ठी घ्या, मीटर ३५ बाटांपासून सुरू होतो, वर विमानतळाचे ५० बाट, आणि उड्डाणमार्गाचा टोल प्रवाशाने भरायचा. ड्रायव्हर ‘मीटर नाही’ म्हणाला तर घासाघीस न करता दुसरी गाडी पाहा.

आता मुक्काम. खाओ सान रोडचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथे रेल्वे पोहोचत नाही. जवळची एमआरटी स्टेशनं सनाम चाय किंवा साम योत, दोन्ही उन्हात पिशवी घेऊन चालायला नकोशी वाटतील एवढी लांब. शिवाय रात्री दोनपर्यंत ढणढणाट. त्या बाजूलाच राहायचं असेल तर फ्रा आतिट धक्क्याजवळच्या गल्ल्या किंवा कालव्यापलीकडचा सामसेनचा भाग घ्या, बोट पायाशी येते. आमची पसंती मात्र चायनाटाऊनच्या कडेला, वाट मंगकोन किंवा हुआ लाम्फोंग या एमआरटी स्टेशनांजवळ. जुनं शहर दोन-तीन स्टेशनांवर, नदी चालत, आणि रात्री खायला बाहेर पडायला याओवारात हा चायनाटाऊनचा मुख्य रस्ता समोरच. सियाम-सुखुमवितकडे खोल्या चकचकीत असतात पण त्याच पैशांत लहान मिळतात.

चाओ फ्राया नदीवरची बोट हे या शहरातलं स्वस्त आणि सर्वांत चांगलं वाहन. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनाखालीच साथोनचा मुख्य धक्का आहे. धक्क्यावर पाय ठेवताच कुणीतरी निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट हातात द्यायला पुढे येईल. थांबू नका. तुम्हाला केशरी झेंड्याची साधी बोट हवी आहे: कुठेही उतरा, १६ बाट. झेंडा बोटीच्या मागच्या बाजूला असतो, तो पाहूनच चढा. हिरव्या आणि पिवळ्या झेंड्याच्या बोटी कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी धावतात आणि सगळे धक्के घेत नाहीत. बोट धक्क्याला लागते ती काही सेकंदच. मागे उभा असलेला माणूस शिट्टीवर चालकाला इशारे देतो, दोर टाकतो, लोक उड्या मारतात, दोर सुटतो. आत गेल्यावर वाहक लांब पत्र्याची नळी खडखडवत येतो. तिच्यात सुटे आणि तिकिटांची गुंडाळी दोन्ही असतात, म्हणून हजाराची नोट पुढे करू नका. भिक्खूंसाठी राखलेल्या जागेत उभे राहू नका. उतरायचे धक्के असे: वाट फोसाठी (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर) ता तिअन, राजवाड्यासाठी ता चांग, खाओ सानसाठी फ्रा आतिट. संध्याकाळी सहा-साडेसहानंतर साधी बोट मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी बोट कालव्यातली, सेन सेप. ही पर्यटकांपेक्षा कामावर जाणाऱ्यांची आहे, आणि दुपारी रस्ते तुंबलेले असताना जुन्या शहरातून सियामकडे जायला हिच्याइतकं वेगवान काही नाही. सुवर्ण टेकडीच्या मंदिराखाली, फान फा पुलाशी ती सुरू होते. भाडं अंतरानुसार १० ते २० बाटांच्या आसपास, वाहकाला उतरायच्या धक्क्याचं नाव सांगा. हेल्मेट घातलेले वाहक बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत भाडं गोळा करतात. कठड्याला बांधलेली प्लास्टिकची ताडपत्री कडेला बसलेल्याने दोरीने वर ओढायची असते, समोरून दुसरी बोट आली की लगेच. पाणी काळं आहे आणि तोंडावर उडू द्यायचं नाही. धक्क्यावर लोक आत येताना ती खाली सोडा, नाहीतर सगळे तुमच्याकडे बघतात. मोठी बॅग असेल तर ही बोट टाळा. सफान हुआ चांगला उतरलात तर बीटीएसचं रात्चथेवी जवळ पडतं. प्रतुनामला बोट बदलावी लागते, सगळे उतरताना दिसले की तुम्हीही उतरा.

रेल्वेत एकच घोळ आहे. बीटीएस आणि एमआरटी या वेगळ्या यंत्रणा, त्यामुळे एकातून दुसरीत गेलात की किमान भाडं पुन्हा पडतं. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप करता येतं. बीटीएसला रॅबिट हे आधी पैसे भरायचं कार्ड किंवा एकेरी तिकीट, आणि काही तिकीटयंत्रं फक्त नाणी घेतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत वाजतं. लोक जिथल्या तिथे थांबतात, तुम्हीही थांबा.

पाहण्याच्या जागांत राजवाडा ५०० बाट, वाट फो ३००, वाट अरुण २००. तिन्ही एकाच दिवसात होतात, पण राजवाड्यात साडेआठलाच शिरा. अकरापर्यंत आत पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि साडेतीनला तिकीट बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी सभ्य माणूस ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, २० बाटांत टुकटुकने दुसरी मंदिरं दाखवतो’ म्हणेल. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते. फाटकापर्यंत चालत जाऊन स्वतः पाहा.

आत पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रं आहेत. गर्दी मूर्तीकडे असते, ओवरी त्या मानाने मोकळी. रामायण लहानपणापासून ऐकलेल्याला इथे तास कसा जातो कळत नाही, फक्त एक तयारी ठेवा: इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. वाट फोतला शयनस्थ बुद्ध ४६ मीटरांचा आहे, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत ती नीट पाहा. ता तिअनहून वाट अरुणला नदी ओलांडायची होडी ५ बाटांची आहे. पैसे कमी असतील तर या तिन्हींतलं वाट फो ठेवा, वाट अरुण समोरच्या काठावरून संध्याकाळी फुकट दिसतं. फुलबाजार, पाक ख्लोंग तलात, चोवीस तास उघडा असतो आणि झेंडूच्या माळा दादरच्या फुलबाजाराची आठवण करून देतात.

शाकाहारींसाठी हे शहर अवघड आहे असं सांगतात ते अर्धंच खरं. अडचण मांसाची नाही, ती माशाच्या सॉसची, म्हणजे नाम प्लाची. भाजी हिरवी दिसते आणि त्यात नाम प्ला, ऑयस्टर सॉस किंवा कोळंबीची पेस्ट पडलेली असते. सोम तम या पपईच्या कोशिंबिरीत सुक्या कोळंबीही कुटतात. ‘व्हेज’ हा शब्द उपयोगाचा नाही. ‘किन जे’ म्हणा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असतात, हे कडक जैन पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दुकान ओळखायचं ते पिवळ्या झेंड्यावरून: लाल अक्षरं, लांबून इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखी दिसणारी. आत माशाचे तुकडे, डुकराचं मांस वाटेल असं काही दिसेल, ते सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेलं असतं. ही दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी दोन-तीनला भांडी रिकामी होतात. रात्रीवर विसंबू नका. अंडं चालत असेल पण मासा नको तर ‘माय साय नाम प्ला’, अंडं नको तर ‘माय साय खाय’. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’, बायकांनी ‘खा’ लावायचं, काम लवकर होतं.

रात्रीसाठी मॉलमधली फूड कोर्ट बरी. असोकच्या टर्मिनल २१ मधलं पिअर २१ बीटीएस आणि एमआरटी दोन्हींना जोडून आहे आणि दर रस्त्याइतकेच. काउंटरवर रोख देऊन कार्ड भरायचं, खाऊन झाल्यावर उरलेले पैसे त्याच दिवशी परत घ्यायचे. चपातीची फारच आठवण आली तर फाहुरात या भारतीय वस्तीत गुरुद्वारा आहे आणि आसपास भारतीय खानावळी.

नळाचं पाणी पिऊ नका, पण बाटल्याही विकत घेत बसू नका. गल्लीबोळांत पाण्याची यंत्रं असतात, एक बाट टाकला की साधारण लिटरभर पाणी, बाटली तुमची. मार्च ते मे उकाडा जीव काढतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचू शकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, जानेवारीत हवा मात्र धुरकट.

एक दिवस अयुथया या जुन्या राजधानीला द्या. हुआ लाम्फोंगहून साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट २० बाटांच्या आसपास, आरक्षण नाही, खिडकीवर त्याच दिवशी मिळतं, दोनेक तास लागतात. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनाहून सुटतात, त्यामुळे स्टेशनाचं नाव पाहून निघा. अयुथयाला उतरल्यावर स्टेशनासमोरून होडीने नदी ओलांडून सायकल भाड्याने घ्या. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धाच्या मस्तकासोबत फोटो काढताना उभे राहू नका, खाली बसा. पहारेकरी सांगतोच.

परतीला पहाटेचं विमान असेल तर रेल लिंकच्या पहिल्या गाडीवर विसंबू नका, ती साडेपाच-सहाला निघते. वसतिगृहातले आणखी दोघे-तिघे गाठून टॅक्सी वाटून घ्या. आणि बँकॉकहून येणाऱ्यांकडे हायड्रोपोनिक गांजा सापडण्याचे प्रकार मुंबई विमानतळावर वारंवार होतात, त्यामुळे या विमानांवर सीमाशुल्क विभागाची नजर असते. तिथल्या दुकानात काहीही विकत मिळो, भारतात ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येतं. ‘मुंबईत आमचा माणूस घेईल’ म्हणून कुणी दिलेलं खाऊचं पाकीटसुद्धा घेऊ नका. बॅग स्वतः भरा आणि काउंटरवर देईपर्यंत नजरेआड करू नका.