सोलापूरहून बदामीला: गाइडसोबत प्रस्तरारोहण आणि हेल्मेटवरचा कॅमेरा (माझा अनुभव)

सोलापूरच्या चहूबाजूंना काळी माती आणि सपाटी. कातळाला हात लावायचा तर बाहेर पडावंच लागतं. बहुतेक जण पुण्यामार्गे सह्याद्री गाठतात, मला बदामी सोयीची वाटते. विजापूर, बागलकोट, गदग याच रेल्वेमार्गावर ती आहे, रस्त्याने साधारण सव्वादोनशे किलोमीटर, आणि आपल्या कानांना कन्नड काही नवं नाही. सह्याद्रीत घसारा आणि सुटे दगड फार. बदामीच्या तांबड्या वालुकाश्मावर बोल्ट मारलेले (दोर अडकवायला दगडात धातूचे पक्के आधार बसवलेले) मार्ग भरपूर आहेत, त्यामुळे नवख्याला तिथे शिकणं सोपं जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाऊस पडून गेला असेल तर दगड पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. ओला वालुकाश्म कमकुवत होतो, होल्ड (हात-पाय टेकवायची खाच किंवा उंचवटा) तुटून हातात येतो आणि तो मार्ग सगळ्यांसाठीच कायमचा बिघडतो.

पैसे भरण्याआधी गाइडला फोनवर विचारून घ्यावं: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, दोर किती जुना, प्रत्येकाला स्वतंत्र हेल्मेट आहे का, जवळचं हॉस्पिटल कोणतं. हेल्मेटवर ईएन १२४९२ आणि हार्नेसवर (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) ईएन १२२७७ हा युरोपीय मानकाचा शिक्का असतो. सायकलचं हेल्मेट इथे चालत नाही. कॅमेरा लावणार हेही तेव्हाच सांगून टाकावं. हेल्मेट त्यांचं असेल तर चिकटपट्टी लावायला ते नाही म्हणू शकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कॅमेऱ्याचं सगळं काम सोलापुरातच, घरी उरकायचं. छातीवरचा पट्टा कातळावर कुचकामी: चढताना छाती दगडाला लागून असते, त्यामुळे चित्रात नुसता दगड येतो, कॅमेरा घासतो आणि पट्टा हार्नेसवरच्या सामानात अडकतो. म्हणून हेल्मेट. त्याच्या वळणाला बसणारा वक्र माउंट (कॅमेरा अडकवायचा चिकटणारा आधार) घ्यावा. कंपनीने त्या हेल्मेटवर स्टिकर लावायला मनाई तर केलेली नाही ना, हे आधी पाहावं, कारण काही द्रावणांनी आणि गोंदांनी कवच कमकुवत होतं. जागा स्वच्छ पुसून, पूर्ण कोरडी करून माउंट दाबून बसवायचा आणि पुढचे २४ तास हात लावायचा नाही. त्याआधी कॅमेरा चढवला की गोंद सुटतो. कॅमेऱ्याला एक बारीक दोरी हवीच. दीडशे ग्रॅमची वस्तू २० मीटरवरून सुटली तर ती खाली बिले देणाऱ्याच्या (दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याच्या) अंगावर येते.

कोन ठरवायला घरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहा, दोन्ही हात डोक्यावर न्या, वर पाहा, मग पायांकडे पाहा, आणि हे सगळं रेकॉर्ड करा. वर पाहताना बोटं आणि खाली पाहताना बूट, दोन्ही चौकटीत यायला हवेत. बहुतेकदा कॅमेरा वाटतो त्यापेक्षा जास्त खाली झुकवावा लागतो. कोन जमला की स्क्रू चांगला आवळून घ्यायचा.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मोटरसायकलवर वाऱ्याने कॅमेरा गार राहतो. कातळावर माणूस जागच्या जागी असतो, म्हणून तोच कॅमेरा तापून बंद पडतो. ४के दर्जाचं, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण पुरेसं आहे. वायफाय, जीपीएस बंद ठेवावं, स्क्रीन मिनिटभरात आपोआप मालवेल असं करावं. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास. कार्ड व्ही३० प्रतीचं (ही व्हिडिओ साठवण्याच्या वेगाची खूण), आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच केलेलं.

प्रत्यक्ष कातळापाशी क्रम एकच: कॅमेरा आधी, गाठ नंतर. रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मग खाली येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाठ मारताना कोणी 'चालू झाला का बघ' म्हणालं की लक्ष तुटतं आणि अर्धवट राहिलेली गाठ तशीच वर जाते. दोरावर आधी आठाच्या आकाराची गाठ मारायची, टोक हार्नेसच्या दोन्ही टाय-इन लूपमधून (दोर बांधायच्या फासांतून) घ्यायचं आणि त्याच गाठीच्या मागोमाग परत फिरवायचं. दोर सगळीकडे शेजारी-शेजारी समांतर, शेपूट निदान वीतभर, आणि चारही पदर एकेक करून ओढून घट्ट. मग जोडीदाराची तपासणी: बकल, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू (दाबून पाहायचा, नुसता बघून नव्हे), आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ. ६० मीटरच्या दोराने ३० मीटरपर्यंतच्याच मार्गावरून उतरवता येतं. टोकाला गाठ नसेल तर दोर बिले उपकरणातून निसटून जातो आणि माणूस पडतो. दोराखाली जुनी सोलापुरी चादर अंथरावी, बदामीची रेती दोरात शिरली की आतले धागे कापते.

तोंडी आज्ञेने कॅमेरा चालू-बंद करण्यावर विसंबू नये. वाऱ्यात आणि 'टाइट' (दोर ताण), 'स्लॅक' (दोर सैल सोड) या हाकांमध्ये ती सुविधा भरवशाची राहत नाही. पाय ठेवताना तो होल्डवर पूर्ण बसेपर्यंत नजर तिथेच ठेवावी. चढाईचाही हाच नियम आहे, आणि चित्रही स्थिर येतं. हेल्मेटवरून उंची कळते ती खाली पाहतानाच, म्हणून पुढचा होल्ड शोधण्याआधी क्षणभर पायांकडे पाहावं. मार्ग बाजूने दाखवायचा असेल तर दुसरा कॅमेरा झाडाला क्लॅम्पने लावावा, पण दगड पडतील त्या रेषेच्या बाहेर. बिले देणाऱ्याच्या हातात फोन किंवा कॅमेरा कधीच नको. भिंगावर हाताला लावायच्या चॉकची पूड बसली तर मऊ कापडाने टिपावी, बोटाने पुसली की तेलकट डाग राहतो.

बदामीची लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्या आवारात ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते. माकडं पिशवी पळवतात, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि डोक्यावर दगड बसला किंवा हेल्मेट जोरात आपटलं, तर कॅमेरा शाबूत असला तरी ते हेल्मेट पुन्हा वापरू नये, भेग आत असू शकते आणि बाहेरून दिसत नाही.