चर्चमधला चरक

आमच्या इंग्लंडमधल्या गावी महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या सभागृहात मेकॅनोवाले, म्हणजे भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून यंत्रांचे नमुने करणारे, जमतात. बहुतेक जण साठीपुढचे आणि निवृत्त. बाई म्हणून मी एकटीच. लहानपणी पुण्यात दादाच्या मेकॅनोला हात लावायची मला मनाई होती, कारण त्याने आवळलेले नट मी हळूच सैल करून ठेवते अशी त्याची तक्रार असे. ती खरी होती.

हा खेळ या लोकांच्या घरचाच. लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका पेढीत नोकरी करणाऱ्या फ्रँक हॉर्न्बी यांना, मुलांसाठी पत्रा कापून खेळणी करता करता, असे सुचले की ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या तर त्याच पट्ट्यांतून आज यारी आणि उद्या पूल उभा राहील. त्याचे पेटंट १९०१ चे. मेकॅनो हे नाव १९०७ चे. दोन भोकांमधले अंतर अर्धा इंच. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. पण शंभरेक वर्षांपूर्वीची पट्टी नंतरच्या पट्टीवर ठेवली तरी भोकाला भोक जुळते. एवढ्यावर मंडळ चालते, असे म्हटले तरी चालेल. मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये याच भागांतून गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले होते, हे प्रत्येक नव्या सभासदाला चहाबरोबर सांगितले जाते. मला दोनदा सांगून झाले आहे.

मी करायला घेतला उसाचा चरक. रसवंतीतल्या त्या लोखंडी लाटा एकमेकींवर कशा फिरतात हे मला पाठ होते, पण पाठ असणे वेगळे आणि अर्ध्या इंचात बसवणे वेगळे. पितळी दंतचक्रांत १९ आणि ५७ दात्यांची जोडी लावली की दात्यांची बेरीज ७६ होते, दोन आसांमधले अंतर नेमके एक इंच येते आणि वेग एक तृतीयांश होतो. माझ्या चरकाला मात्र निम्मा वेग हवा होता. त्यासाठी २५ आणि ५० ची जोडी लावायची, म्हणजे बेरीज ७५. एक दाता कमी. भोके मात्र त्याच एका इंचावर. त्यामुळे चक्रे किंचित सैल बसतात आणि फिरताना खडखडतात. नवे भोक पाडून आस जरा जवळ आणू का, असे मी विचारले, तेव्हा आगगाडीच्या कारखान्यात उमर घालवलेल्या एका आजोबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. पट्टी कापायची नाही, भोक पाडायचे नाही; आहे त्यात भागवायचे. (ते स्वतः मात्र गंजलेले बोल्ट रात्रभर तेलात भिजत घालून वाचवतात, एकही टाकत नाहीत.)

पुढे कळले की सगळे नट आधी बोटानेच फिरवून सैल ठेवायचे, सांगाडा चौकोनात आला की मग पाना लावायचा. पहिला कोपरा घट्ट आवळला की चौथ्या कोपऱ्याचे भोक हमखास सरकते. माझे तीनदा सरकले.

चरक फिरू लागला, पण घुंगरांवाचून तो मुका वाटत होता. घुंगरू काही मेकॅनोत मिळत नाही. म्हणून मोठ्या चाकाच्या कडेला चार लांब बोल्ट लावले, प्रत्येकात तीन-तीन वॉशर सुटे सोडले आणि टोकाला दोन नट एकमेकांवर आवळले, म्हणजे वॉशर पडणार नाहीत पण वाजतील. चाक फिरवले आणि छुन्न छुन्न झाले. सभागृहातल्या दोन-तीन माना वळल्या. आजोबा लगबगीने उठले, खिशातून पाना काढला आणि म्हणाले, “तुमचे काहीतरी सैल राहिलेय, द्या इकडे, आवळून देतो.”

“राहू द्या,” मी म्हणाले, आणि चाकावर हात ठेवला.